मेणबत्तीचा शॉट

लग्न ठरल्यावर माझ्या धाकट्या बहिणीनं दागिने मागितले नाहीत की पार्लरवाली मागितली नाही. तिनं मला फोनवर एक रॅपचं गाणं पाठवलं आणि खाली लिहिलं, "ताई, माह्या लग्नाची शूटिंग अशी पाह्यजे."

मोताळ्यात आमचं फोटो स्टुडिओचं दुकान आहे. नवरा लग्नाची शूटिंग करतो आणि मी मिक्सिंग करते. मिक्सिंग म्हणजे त्यानं दिवसभर भरून आणलेल्या चित्रणातून दोन तासांची कॅसेट बनवायची. कॅसेट जाऊन सीडी आली, सीडी जाऊन पेनड्राइव्ह आला, तरी आमच्याकडचे लोक अजून कॅसेटच म्हणतात आणि मीही म्हणते. नवरीचा चेहरा गुलाबाच्या फुलातून गरगर फिरत बाहेर येतो ना, तो मीच आणलेला असतो. त्या गुलाबांचा मला वीट आला होता. एक दहा मिनिटांची का होईना, पण खरीखुरी फिल्म करावी अशी हौस मनात होती. ती मी कोणाला सांगत नव्हते, कारण सांगितलं असतं तर लोकांनी आधी विचारलं असतं, हिरोइन कोण?

गाणं लावून पाहिलं. शब्द अर्धे कळले नाहीत, तो पोरगा धडाधड बोलत सुटला होता. पण आवाज बंद करून पाहिलं तेव्हा चित्र बोलायला लागलं. बाजाराचा दिवस होता, पासपोर्ट फोटोवाल्यांची रांग होती, तरी मी ते थांबवत थांबवत पाहत बसले. सगळ्यांचे कपडे पांढरे. जमीन काळी. आकाश जवळपास नाहीच, वरच्या कडेला चिंधीएवढं. कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर, म्हणून गल्लीतली साधी माणसंसुद्धा दांडगी दिसत होती. आणि गाणाऱ्याचं तोंड तर पहिलं कडवं संपेपर्यंत दाखवलेलंच नाही. आधी नुसते हात. कोणाचे भिंतीवर टेकलेले, कोणाचे कमरेवर, एका म्हातारीचे मांडीत पडलेले. जिथं काही सुरू होणार असेल तिथं चित्र एकदम हळू होत होतं, आणि काम होऊन गेलं की पुन्हा पळायला लागायचं.

"हे पाहा," मी नवऱ्याला बोलावून म्हटलं, "माणूस काय करून राह्यला ते हे लोक दाखवतच नाहीत. त्याचे हात दाखवतात, न् मंग पाहणाऱ्यांची तोंडं दाखवतात. मधलं आपण आपल्या मनानं जोडतो."

"आपले लोक नाही जोडत," तो म्हणाला. "आपले लोक म्हणतात, मी काऊन नाही दिसलो?"

त्याचे नियम कधीचे ठरलेले आहेत. डोकं कापायचं नाही, पंगतीतला माणूस सोडायचा नाही, कोणाला अंधारात ठेवायचं नाही. "डोकं कापलं की सोयरे तुटले," असं तो म्हणतो, आणि ते खोटं नाही. आमच्याकडं कॅसेट आली की ती एकट्यादुकट्यानं कोणी पाहत नाही. नवरदेवाच्या घरी भावकी, शेजारीपाजारी, आळीतल्या बाया सगळे जमतात, चहा होतो, आणि हजेरी घेतल्यासारखं पाहणं चालतं. कोण आलं, कोण नाही आलं, कोणाला मान दिला, कोण कोपऱ्यात राहिलं. एकदा एका लग्नात एका मामाचा नुसता खांदा आला होता. तो मामा दुकानात येऊन खांदा हलवून हलवून विचारत होता, "हाच का मी? सांगा, हाच का?"

पण मला एक गोष्ट दिसली होती. आमच्या बौद्धांच्या लग्नात नवरी पांढऱ्या साडीत असते, नवरदेव पांढऱ्यात, बापमंडळी पांढऱ्यात, वर टाकायची फुलंही पांढरी. मंडप पडणार होता वस्तीला लागून असलेल्या वावरात. कापसाची पऱ्हाटी उपटून नांगरून पडलेलं, काळंशार. त्या शहरातल्या पोरांनी काळी जमीन शोधायला किती वणवण केली असेल, आमच्याकडं ती बैलाच्या पायाखाली होती. इतकी वर्षं मी त्या पांढऱ्यावर गुलाबी आणि निळा रंग चढवत बसले होते, कारण सगळे तेच मागतात. जवळ असून दिसलं नाही म्हणून मला माझाच राग आला.

मग आम्ही तयारीला लागलो. रोज दुपारी गाण्याचा एक तुकडा घ्यायचा, थांबवायचा, कॅमेरा कुठं ठेवला असेल ते ओळखायचं, ऊन कुठून येतंय ते सावलीवरून पाहायचं. नवरा वावरात पालथा पडून कॅमेरा लावून पाहत होता. बांधावरून जाणारा एक जण त्याला म्हणाला, "काय बे, उंदीर धरून राह्यला का?" नवरा हसला, पण घरी आल्यावर मला म्हणाला, "अवं, बहिणीचं लग्न हाय. परक्याच्या लग्नात करून पाहू आधी."

मी ऐकलं नाही. मला काळजीची इतकी सवय आहे की काळजीला काही मिळालं नाही तर त्याचीच काळजी लागते. तरी नेमक्या त्याच वेळी मी काळजी केली नाही.

लग्नाच्या दिवशी मी नवऱ्याच्या मागं उभी राहिले, पदर खोचून. आमच्यात सुरुवातीला दोन्हीकडचे आईबाप बुद्धमूर्तीपुढं मेणबत्ती आणि उदबत्ती लावतात, मग त्रिशरण-पंचशील, मग प्रतिज्ञा आणि हार. मेणबत्त्या विझू नयेत म्हणून पंखे बंद केलेले, सगळे घामानं निथळत होते. मी नवऱ्याच्या कानाशी सारखी म्हणत होते, "तोंड नका घेऊ. खाली घ्या. हात, नुसते हात." त्यानं एकदा मागं वळून पाहिलं. पण माहेरचं लग्न, आणि मी रागीट. त्यानं हात घेतले. बाबांचे, आईचे, बहिणीच्या सासूचे आणि सासऱ्यांचे. त्यानंतर कॅमेरा पाहणाऱ्यांकडं फिरवला.

मिक्सिंगला बसले तेव्हा सासऱ्यांच्या हातावर माझी नजर खिळली. हात जरा हलत होता. मला वाटलं, उकाडा, गर्दी, पोराचं लग्न, होतं माणसाचं असं. गाण्यात जिथं काही सुरू होतं तिथं चित्र हळू होतं, म्हणून मीही ते हळू केलं. काडी ओढली जाते, ठिणगी सावकाश उडते, बोटांवरून थरथर लाटेसारखी जाते, ज्योत वातीकडं सरकते. आईशपथ सांगते, इतकं देखणं मी आयुष्यात काही केलं नव्हतं. त्या दिवशी मी स्वयंपाक करताना गात होते.

नवऱ्यानं पाहिलं आणि म्हणाला, "चांगलं दिसून राह्यलं. पण व्याहीबुवांचं तोंड कुठी हाय?"

"पंगतीत हाय ना."

"पंगतीत वरणासंग हाय. मानाच्या जागी नाही."

"तुम्हाले त्यातलं कळत नाही," असं म्हणून मी पेनड्राइव्ह पाकिटात घातला आणि चिखलीवरून पुढं जाणाऱ्या एका पाहुण्याच्या हाती साखरखेर्ड्याला पाठवून दिला. तिथं बहिणीचं सासर.

दोन-तीन दिवसांनी दुपारी बहिणीचा फोन आला. घरात कोणी नव्हतं म्हणून तिनं कॅसेट एकटीनं लावून पाहिली होती.

"ताई, मामाजींचा हात तू काऊन दाखवला?" आवाज अगदी बारीक. मामाजी म्हणजे तिचे सासरे.

"काऊन म्हणजे? चांगला दिसला म्हणून."

"तो हात हालतो त्यांचा. नेहमीच हालतो."

मग तिनं सांगितलं. सासऱ्यांनी उभा जन्म एसटी चालवली. मग उजवा हात हलायला लागला आणि त्यांना गाडीवरून उतरवलं. तेव्हापासून तो हात दुपट्ट्याखाली असतो. चहा ते सगळे उठून गेल्यावर पितात. घरात हाताचं नावसुद्धा कोणी काढत नाही. लग्नाआधी त्यांचा मोठा भाऊ म्हणाला होता, चारचौघांत फजिती नको, मेणबत्ती मीच लावतो. त्यावरून घरात मोठी वादावादी झाली होती, सासरे हटले नव्हते, आणि हे मुलीकडच्यांच्या कानावर जाऊ द्यायचं नाही असं ठरलं होतं.

"आता त्यांले वाटन, मीच माहेरी सांगितलं," बहीण म्हणाली. "न् तुम्ही मुद्दाम मोठा करून दाखवला. तोही हळूहळू. ताई, मले इथं राहाचं हाय वं."

रविवारी सगळी भावकी कॅसेट पाहायला जमणार होती. मी कसंबसं म्हटलं, "टीव्हीले लागत नाही म्हण. मी दुसरी घेऊन येते."

फोन ठेवला आणि मी कॉम्प्युटरपुढं बसले. सगळं चित्रण पुन्हा चाळलं. मेणबत्ती लावताना सासऱ्यांचं तोंड कुठंच नव्हतं. कॅमेरा एकच, आणि त्याला मीच खाली धरून ठेवलं होतं. पंगतीतलं त्यांचं तोंड कापून तिथं चिकटवून पाहिलं, तर हनुवटीशी वरणाची वाटी येत होती. शॉट राहू द्यावा तर माझी बहीण चहाडखोर ठरणार. काढावा तर नवरदेवाचा बाप मानाच्या जागी नाहीच. इकडं आड, तिकडं विहीर. नव्या सुनेचं नाव पहिल्या वर्षात जे पडतं ते मरेपर्यंत पुसत नाही, हे मला माहीत आहे, माझं स्वतःचं "तिखट" पडलंय. पण तिखट परवडलं. घरातली गोष्ट बाहेर नेणारी, हे नाव एकदा लागलं की त्या पोरीसमोर कोणी तोंड उघडत नाही. घरात राहून ती एकटी पडते.

एवढ्याशा पोरीनं माझ्या भरवशावर एक गोष्ट मागितली होती. नवरा "मी म्हटलं होतं" असं एकदाही म्हणाला नाही, आणि त्याचा मला जास्त त्रास झाला. शेवटी तोच म्हणाला, "काढून टाक. न दिसल्याचा रुसवा निघते. हा नाही निघणार."

मी शॉट काढला. बाबांचा हात, आईचा हात, सासूचा हात आणि लगेच त्रिशरण. जोड इतकी साफ की कोणाला खटकू नये. तरी धाकधूक होतीच, म्हणून सगळं चित्रण भरलेला लॅपटॉप आणि टीव्हीची वायरही पिशवीत घेतली आणि रविवारी सकाळी निघाले. राजूरचा घाट चढताना मी पिशवी मांडीवर घट्ट धरून बसले होते. बुलढाण्याला गाडी बदलली, चिखलीला बदलली. शेजारच्या बाईनं विचारलं, "कोणी आजारी हाय का?" मी हो म्हणून टाकलं.

बहीण दारातच होती. वाळल्यासारखी दिसली. स्वयंपाकघरात तिनं माझा दंड घट्ट धरला आणि हळूच विचारलं, "काढलं ना? मला रात्रभर झोप नाही." इतक्यातच तिच्या तोंडी तिकडचं "मला" आलं होतं.

सासरे बाहेर खुर्चीत बसले होते. उंच, सडपातळ, उजव्या हातावर दुपट्टा. "या बाई," ते म्हणाले. "घाटात गाडी कशी काढली त्यानं? वळणावर हॉर्न देतो का?" मी म्हटलं, देतो. "नाहीतर आजकालचे देत नाहीत," ते म्हणाले. इतकं साधं, चांगलं बोलणं, आणि मला त्यांच्या डोळ्यांकडं पाहवेना.

दुपारी सगळे जमले. बाया सतरंजीवर, पुरुष खुर्च्यांवर, सासऱ्यांचा मोठा भाऊ अगदी पुढं. सासऱ्यांनी अंगात इस्त्रीचा सदरा घातला होता. आपली खुर्ची त्यांनी स्वतः ओढत टीव्हीजवळ नेली. बहिणीनं रिमोट दाबला.

काळं वावर, पांढरी माणसं. "अगं बाई, हा तर शिनेमा आहे," कोणीतरी म्हणालं, आणि मला क्षणभर बरं वाटलं. मग सुरू झालं. "माझं अर्धंच तोंड आलं." "पायच पाय दाखवलेत, चपला चोरायच्यात काय?" लोक हसले. मी हसले नाही. पुढं मेणबत्त्या होत्या.

बाबांचा हात आला. आईचा आला. सासूबाईंचा आला. मी टीव्ही पाहत नव्हते, सासऱ्यांना पाहत होते. ते पुढं झुकले होते. त्रिशरण सुरू झालं तरी तसेच झुकून राहिले. पंचशील संपलं, प्रतिज्ञा झाल्या, हार पडले, आणि मग ते हळूच मागं टेकले.

"सूनबाई," ते म्हणाले, "मागं घे जरा."

बहिणीनं माझ्याकडं पाहिलं. मग मागं घेतलं. बाबा, आई, सासूबाई, त्रिशरण.

"माझी मेणबत्ती कुठं गेली?"

मोठा भाऊ सतरंजीकडं पाहायला लागला. सासूबाई म्हणाल्या, "राहिली असेल हो घ्यायची."

"राहिली कशी? कॅमेरा माझ्यासमोर होता." ते माझ्याकडं वळले. "बाई?"

"मी काढली, काका," मी म्हटलं.

"का बरं?"

काय सांगणार होते मी त्या भरल्या खोलीत? नको नको म्हणत माझी नजर दुपट्ट्यावर गेली. त्यांनी ते पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. बहीण दाराच्या चौकटीला धरून उभी होती आणि तिचं तोंड पांढरं पडलं होतं.

"हिनं काही सांगितलं नाही," मी घाईघाईनं बोलले. "तिची आण. तो शॉट मीच घेतला, मीच काढला. तिच्यावर बोल लावू नका."

सासूबाई जागेवरूनच म्हणाल्या, "बाई, दिवाळीपासून ते रोज सकाळी मागच्या खोलीत एक मेणबत्ती लावून पाहत होते. दार लोटून. मला वाटलं, मला माहीत नाही असं त्यांना वाटतंय तर वाटू द्यावं." सासऱ्यांनी तोंड फिरवलं. ही गोष्ट त्यांच्या भावालाही माहीत नव्हती, हे त्याच्या तोंडावरून दिसत होतं.

मग मी काही विचार केला नाही. लॅपटॉप काढला, वायर लावली आणि शॉट सुरू केला.

त्यांच्या हातानं सगळा टीव्ही भरला. काडी पेटीवरून सावकाश सरकली. ठिणगी उडाली. बोटं थरथरत होती, ज्योत थरथरत होती, आणि ते संपतच नव्हतं. मोताळ्यात जे देखणं वाटलं होतं ते इथं पाहवत नव्हतं. मागून एक म्हातारी "अरेरे" म्हणाली. मला वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं. माझ्या बहिणीचा संसार मी माझ्या हौसेपायी मातीत घातला, एवढंच डोक्यात फिरत होतं.

"थांबवा," सासरे म्हणाले.

मी थांबवलं.

ते खुर्चीतून उठले, टीव्हीच्या अगदी जवळ गेले आणि हात निरखून पाहू लागले. "हे इतकं हळू का चाललंय?"

"ते मी हळू केलंय, काका. तशी स्टाइल असते. एका गाण्यात पाहिलं होतं."

"मला इतका वेळ लागला नव्हता." ते खरोखर चिडले होते. "एका काडीत लावली मी. हे पाहून लोकांना वाटंल, पेटी संपली. जसं झालं तसं दाखवा ना."

मी हळूपणा काढून टाकला. मला ते करायला मिनिटसुद्धा लागलं नाही. मग पुन्हा लावलं. काडी ओढली, हात हलला, वात पेटली. पाहतो न पाहतो तोच संपलं.

"पुन्हा," ते म्हणाले. मी माउसकडं हात नेला तसे म्हणाले, "तुम्ही राहू द्या. तुम्हाला हळू करायची खोड आहे. सूनबाई, तू ये, तू लाव."

बहीण चौकट सोडून आली आणि माझ्या शेजारी बसली. तिनं लावलं. सासऱ्यांनी दुपट्टा खुर्चीवर टाकला, आणि त्या हलणाऱ्या हाताचं बोट टीव्हीवर ठेवून ते मोठ्या भावाला म्हणाले, "मोज आता. किती काड्या?"